जुनी इमारत, नवा हिशोब

व्यापारी कुटुंबात मालाच्या जमाखर्चावर जितकी बारीक नजर असते, तितकी नजर ज्या इमारतीत व्यापार चालतो तिच्या खर्चावर क्वचितच असते. खरेदीत शेकडा अर्धा रुपया अधिक गेला तरी त्याची चर्चा रात्रीच्या जेवणापर्यंत चालते. विजेचे बिल मात्र थोडीशी कुरकुर करून भरून टाकले जाते. भाडे आणि मालमत्ता कर यांच्या रांगेत वीजबिलालाही बसविले जाते आणि त्यावर काही इलाज नाही असे धरून चालले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. भिंती, खिडक्या, छत आणि हवा गरम वा थंड करणारी यंत्रे यांच्या वाटेने पैसा रोज गळत असतो. नळाची गळती कानाला ऐकू येते, उष्णतेची गळती ऐकू येत नाही, एवढाच काय तो फरक.

ही गळती मोजून, तिचा हिशोब मांडून ती बुजविण्याचे जे प्रयोग जगात झाले, त्यांत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा प्रयोग व्यापाऱ्यांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. तो एका खासगी मालकाने, भाड्याच्या उत्पन्नावर चालणाऱ्या इमारतीत, परतावा किती मिळेल हे आधी विचारून केला आणि त्याचा हिशोब सर्वांसाठी खुला ठेवला. त्या हिशोबात तंत्रज्ञानाची करामत थोडी आहे. खर्च कोणत्या क्रमाने करावा याचे शहाणपण अधिक आहे.

सत्याहत्तर वर्षांची इमारत

एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उद्घाटन १ मे १९३१ रोजी झाले. १०२ मजल्यांची ही इमारत सुमारे चार दशके जगातील सर्वांत उंच इमारत होती. तिच्यात सुमारे २८ लाख चौरस फूट जागा आहे आणि ती लहानमोठ्या कार्यालयांना भाड्याने दिली जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र तिचे नाव मोठे आणि अवस्था केविलवाणी झाली होती. यंत्रे जुनी, जिने-मार्गिका कळकट आणि चांगले भाडे देऊ शकणाऱ्या कंपन्या नव्या चकचकीत इमारतींकडे वळलेल्या, असे चित्र होते. मालकांच्या वतीने अँथनी माल्किन यांनी ५० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा जीर्णोद्धार हाती घेतला. लिफ्ट, दिवाणखाने, नळ, वायरिंग हे सारे त्यात आलेच.

२००८ साली या जीर्णोद्धाराची आखणी चालू असताना एक प्रश्न पुढे आला. एवढा खर्च होणारच आहे, तर त्याच ओघात इमारतीचे ऊर्जेचे बिल कायमचे खाली आणता येईल काय? हे बिल वर्षाला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर येत असे. क्लिंटन क्लायमेट इनिशिएटिव्ह, रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट, जॉन्सन कंट्रोल्स आणि जोन्स लँग लासाल या संस्थांच्या तज्ज्ञांना एकत्र बसविण्यात आले. त्यांनी इमारतीची संगणकावर प्रतिकृती तयार केली, साठांहून अधिक उपाय तपासले आणि अखेर आठ निवडले. आठही उपाय अमलात आल्यावर ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज त्यांनी मांडला.

उपाय आणखीही घेता आले असते. परंतु एका मर्यादेनंतर वाचविलेल्या प्रत्येक युनिटमागे खर्च झपाट्याने वाढत जातो. सर्वाधिक नफा देणारी निवड एका टोकाला होती आणि सर्वाधिक ऊर्जा वाचविणारी दुसऱ्या टोकाला. मालकाने मधला मार्ग पत्करला. केवळ नफ्याकडे पाहून जेवढी बचत झाली असती, त्याहून बरीच अधिक बचत त्याने मागितली आणि त्यासाठी थोडा नफा सोडला.

वाफेवर तापणारे शहर

न्यूयॉर्कचा हिवाळा शून्याच्या खाली उतरतो आणि उन्हाळ्यात तापमान तिशी ओलांडते. म्हणून तेथील इमारतीला चार-पाच महिने ऊब लागते आणि उन्हाळाभर थंडावा. मॅनहॅटनमध्ये रस्त्यांखालून वाफेचे नळ गेलेले आहेत. १८८२ सालापासून चालत आलेली ही व्यवस्था आज कॉन एडिसन ही कंपनी चालविते. एम्पायर स्टेट बिल्डिंग आपली ऊब याच नळांतून विकत घेते. ही वाफ प्रत्येक खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर तापतो आणि खोली तापवितो.

या रेडिएटरांची एक जुनी कथा त्या क्षेत्रातील जाणकार सांगतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर कोंदट हवेची मोठी धास्ती बसली. हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असा आग्रह आरोग्य खात्यांनी धरला. मग कडाक्याच्या थंडीत, खिडक्या उघड्या असतानाही खोली उबदार राहील एवढ्या क्षमतेची यंत्रणा अभियंते बसवू लागले. साथ ओसरली, खिडक्या मिटल्या, यंत्रणा मात्र तशीच राहिली. परिणाम असा, की न्यूयॉर्कच्या अनेक जुन्या इमारतींत आजही बाहेर बर्फ पडत असताना आतला माणूस घामाघूम होतो आणि खिडकी उघडून बसतो. पैसे देऊन विकत घेतलेली ऊब रस्त्यावर टाकून देण्याचा हा प्रकार होय.

यात धडा असा आहे, की जुन्या इमारतीतील यंत्रणा त्या काळच्या गरजेप्रमाणे बसविलेली असते. गरज बदलते, यंत्रणा बदलत नाही आणि दोहोंमधील फरक बिलात दिसतो. म्हणून जुन्या इमारतीची सुधारणा यंत्राच्या दुकानात सुरू होत नाही. आज या जागेला किती ऊब, किती थंडावा आणि किती ताजी हवा लागते, या प्रश्नापासून ती सुरू होते.

मोठे यंत्र घ्यावे काय?

एम्पायर स्टेट बिल्डिंगपुढे असलेला सर्वांत मोठा खर्च थंडाव्याचा होता. इमारतीच्या तळाशी चिलर, म्हणजे पाणी थंड करून ते नळांवाटे मजल्यामजल्यांवर पाठविणारी अवजड यंत्रे, आहेत. ती जुनी झाली होती. भाडेकरूंचे संगणक आणि अन्य उपकरणे वाढत होती. साधा व्यवहारी विचार असा होता, की जुनी यंत्रे काढावीत आणि क्षमताही वाढवावी. मूळ अंदाजपत्रकात या कामासाठी सुमारे २ कोटी २४ लाख डॉलर धरलेले होते.

तज्ज्ञांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. एवढा थंडावा लागतोच का? उन्हाळ्यात इमारतीत उष्णता येते ती खिडक्यांच्या काचांतून येणाऱ्या उन्हाने, दिव्यांमुळे, उपकरणांमुळे, माणसांमुळे आणि बाहेरून आत घेतलेल्या गरम हवेमुळे. ही आवक जर आधीच रोखली, तर ती बाहेर टाकण्यासाठी लागणारे यंत्रही लहान पुरेल. जावक वाढविण्याआधी आवक तपासावी, हे गोदामाचे साधे तत्त्व येथेही लागू पडले.

येथे ‘टन’ या शब्दाचा उलगडा उपयोगी ठरेल. दुकानातील एसी दीड टनाचा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते त्याचे वजन नसते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांनी थंडावा मिळविण्याच्या काळातील हे माप आजही टिकून आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये इतर उपायांमुळे ऐन उन्हाळ्यातील थंडाव्याची कमाल गरज सुमारे १,६०० टनांनी, म्हणजे जवळपास एकतृतीयांशाने कमी होईल, असे दिसून आले. मग नव्या मोठ्या चिलरची आवश्यकताच उरली नाही. जुन्या चिलरांची बाहेरची कवचे जागेवर ठेवून आतील भाग नवे बसविण्यात आले. या कामाचा अंदाज सुमारे ५१ लाख डॉलरचा होता. एका निर्णयाने अंदाजपत्रकातील १ कोटी ७३ लाख डॉलर मोकळे झाले.

इमारतीतच खिडक्यांचा कारखाना

गरज कमी करणारे हे ‘इतर उपाय’ कोणते, हे आता पाहू.

पहिला उपाय खिडक्यांचा. इमारतीला ६,५१४ खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीत दुहेरी काच होती आणि काचा व चौकटी अजून चांगल्या स्थितीत होत्या. नव्या खिडक्या आणल्या असत्या तर जुन्या काचांचा ढिगारा वाहून न्यावा लागला असता. त्याऐवजी पाचव्या मजल्यावर एक कार्यशाळाच उभारण्यात आली. जुनी खिडकी तेथे आणायची, दोन काचा वेगळ्या करायच्या, स्वच्छ धुवायच्या, त्यांच्यामध्ये उष्णता परतविणारी अत्यंत पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, मधल्या पोकळीत आर्गॉन आणि क्रिप्टॉन या वायूंचे मिश्रण भरायचे आणि खिडकी परत जागेवर लावायची, असा क्रम होता. जुन्या साहित्यापैकी सुमारे ९६ टक्के पुन्हा वापरात आले. दिसायला खिडकी तीच राहिली, पण उष्णता अडविण्याची तिची शक्ती कित्येक पटींनी वाढली. २०१० च्या अखेरीस हे काम पूर्ण झाले.

फिल्म आणि वायू यांचे काम सोपे आहे. उष्णता तीन वाटांनी प्रवास करते. ती पदार्थातून सरकते, हवेबरोबर वाहते आणि प्रकाशासारखी किरणांच्या रूपाने जाते. आर्गॉन आणि क्रिप्टॉन हे वायू साध्या हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतात. त्यामुळे पहिल्या दोन वाटा अरुंद होतात. फिल्मवरील धातूचा अतिसूक्ष्म लेप किरणांच्या रूपातील उष्णता ज्या बाजूने आली त्या बाजूला परत फिरवितो, पण उजेड येऊ देतो. हिवाळ्यात आतली ऊब आत राहते आणि उन्हाळ्यात बाहेरचा ताप बाहेर राहतो.

दुसरा उपाय त्याहून साधा आहे. रेडिएटर बाहेरच्या भिंतीला लागून असल्यामुळे त्याच्या उष्णतेचा मोठा भाग खोलीऐवजी मागच्या भिंतीला मिळत असे. रेडिएटर आणि भिंत यांच्यामध्ये उष्णता परतविणारा चकाकता थर बसविण्यात आला. चुलीच्या मागे आडोसा लावावा, तसाच हा प्रकार आहे.

मोजूनमापून हवा

तिसऱ्या उपायाचा संबंध हवेशी आहे आणि तो सर्वांत कमी समजला जातो. बंद इमारतीत माणसे श्वास घेतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो; म्हणून बाहेरची ताजी हवा सतत आत घ्यावी लागते. ती हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड करूनच आत सोडावी लागते. म्हणजे ताज्या हवेच्या प्रत्येक घनफुटाला किंमत आहे. जुन्या पद्धतीत सभागृह भरलेले असो वा रिकामे, हवा सारखीच येत राही. नव्या व्यवस्थेत कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणे बसविली गेली. माणसे वाढली की वायूचे प्रमाण वाढते आणि ताजी हवा अधिक येते. माणसे गेली की आवक कमी होते.

याच्या जोडीला हवा खेळविणाऱ्या पंख्यांचा वेग कमीअधिक करण्याची सोय झाली. पूर्वीचे पंखे एक तर पूर्ण वेगाने फिरत किंवा बंद असत. भौतिकशास्त्राचा नियम असा आहे, की पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांवर आणला, तर विजेची गरज जवळजवळ निम्म्यावर येते. वेगात पाचव्या भागाची तडजोड आणि खर्चात निम्मी बचत, असा सौदा बाजारात रोज मिळत नाही.

मात्र येथे एक इशारा आवश्यक आहे. बचतीच्या मोहाने फटी बुजविल्या आणि ताज्या हवेची सोय केली नाही, तर हवा कोंदटते, दमटपणा साचतो, भिंतींवर बुरशी धरते आणि आत बसणाऱ्यांचे डोके दुखू लागते. खर्च वाचविताना माणसांच्या श्वासात काटकसर करता येणार नाही. हवा कमी करणे हे या उपायाचे उद्दिष्ट नसून ती हवी तेव्हा, हवी तेथे आणि हवी तितकीच पोहोचविणे हे आहे.

एकेकटे तोट्याचे, एकत्र फायद्याचे

आता खतावणी उघडू. खिडक्यांच्या कामासाठी मूळ अंदाजपत्रकापेक्षा सुमारे ४० लाख डॉलर अधिक लागणार होते आणि त्यातून वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार डॉलर वाचणार होते. म्हणजे मुद्दल वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षे. रेडिएटरमागील थराचा खर्च सुमारे २७ लाख डॉलर आणि वार्षिक बचत १ लाख ९० हजार. म्हणजे चौदा वर्षे. असा एकेक प्रस्ताव घेऊन कोणी बँकेत गेला असता, तर अधिकाऱ्याने कागद नम्रपणे परत केला असता. त्याची चूकही म्हणता आली नसती.

परंतु खिडक्या, रेडिएटर, दिवे आणि हवा यांच्या कामांमुळेच चिलरवरील भार उतरला आणि चिलरच्या खात्यातील १ कोटी ७३ लाख डॉलर वाचले. ती बचत खिडकीच्या खात्यात कुठेच दिसत नाही. सर्व आठ कामांचा एकत्र ताळेबंद मांडल्यावर चित्र पालटले. ऊर्जेशी संबंधित कामांचे मूळ अंदाजपत्रक सुमारे ९ कोटी ३० लाख डॉलर होते, ते सुमारे १० कोटी ६० लाखांवर गेले. अधिक खर्च सुमारे १ कोटी ३२ लाख आणि सर्व कामे पूर्ण झाल्यावर अपेक्षित वार्षिक बचत ४४ लाख डॉलर. तीन वर्षांत मुद्दल परत आणि त्यानंतर निव्वळ लाभ.

या हिशोबातील दोन गोष्टी कोणत्याही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, उपायांचा क्रम. आधी चिलर घेतले असते आणि मग खिडक्या सुधारल्या असत्या, तर अवजड यंत्र अर्ध्या कामावर बसून राहिले असते आणि त्यात गुंतलेला पैसा परत आला नसता. दुसरी, वेळ. ही कामे परवडली, कारण यंत्रे बदलण्याची आणि दुरुस्तीची वेळ तशीही आलेली होती. चांगले चालणारे यंत्र केवळ बचतीसाठी मोडीत काढले, तर संपूर्ण किंमत बचतीच्या माथी बसते. बदलण्याच्या वेळी अधिक चांगले घेतले, तर केवळ वरचा फरक तिच्या माथी येतो.

मालकाचा खर्च, भाडेकरूची बचत

भाड्याच्या इमारतीत आणखी एक अडचण असते आणि ती अभियंत्याच्या हातची नसते. यंत्र सुधारण्याचा खर्च मालकाने करायचा आणि कमी झालेले बिल भाडेकरूने भरायचे, असा व्यवहार असेल तर मालक खर्च कशासाठी करील? उलट बिल जागेच्या प्रमाणात सर्वांत वाटले जात असेल, तर काटकसर करणाऱ्या भाडेकरूला काय मिळेल? दोघेही शहाणे असतात आणि म्हणूनच दोघेही स्वस्थ बसतात. जगभरातील जुन्या इमारती सुधारत नाहीत, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये भाडेकरूंसाठी स्वतंत्र मीटरची आणि आपला वापर संगणकावर पाहण्याची सोय करण्यात आली. शेजारच्यापेक्षा आपले बिल अधिक का येते, हा प्रश्न विचारता येऊ लागला की उत्तर शोधण्याची इच्छाही होते. नव्या भाडेकरूंनी कार्यालय सजवितानाच दिवे, पडदे आणि उपकरणे विचारपूर्वक निवडावीत, यासाठी त्यांना मार्गदर्शन दिले गेले. आठ उपायांपैकी भाडेकरूंच्या जागेतील दिवे आणि उपकरणे यांच्या उपायातून वर्षाला सुमारे ९ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे एकूण अपेक्षित बचतीचा पाचवा भाग, येणार होता. मालकाच्या तळघरातील यंत्रांइतकेच महत्त्व भाडेकरूच्या टेबलावरील दिव्याला होते.

शब्द पाळला गेला काय?

अंदाज कागदावर सुंदर दिसतात. खरी परीक्षा बिलात होते. येथे जॉन्सन कंट्रोल्सने आपल्या वाट्याच्या कामातील बचतीची हमी दिली होती. ठरलेली बचत झाली नाही तर फरक कंपनीने भरून द्यायचा, असा करार होता. अशा करारात यंत्र विकणाराही निकालाला जबाबदार धरला जातो. माल विकून मोकळे होणे आणि मालाच्या उपयोगाची हमी घेणे यांत जे अंतर असते, ते व्यापाऱ्यांना सांगायला नको.

बचत मोजणे वाटते तितके सरळ नाही. एखाद्या वर्षी हिवाळा सौम्य गेला तर बिल आपोआप कमी येते. ते श्रेय यंत्राला देता येत नाही. म्हणून त्या वर्षीच्या थंडी-उष्म्याचा हिशोब जमेस धरून, सुधारणा झाल्या नसत्या तर किती ऊर्जा लागली असती हे आधी काढतात आणि मग प्रत्यक्ष वापराशी तुलना करतात. २०११ या पहिल्या वर्षी अशा तुलनेत २४ लाख डॉलरची बचत झाली आणि ती हमीपेक्षा ५ टक्क्यांनी अधिक भरली. दुसऱ्या वर्षी हमीपेक्षा ४ टक्के आणि तिसऱ्या वर्षी जवळपास १६ टक्के अधिक बचत नोंदली गेली. तीन वर्षांची एकूण बचत सुमारे ७५ लाख डॉलर झाली. ४४ लाखांचा वार्षिक आकडा सर्व भाडेकरूंच्या जागा नव्याने सजल्यावर गाठायचा होता. त्यामुळे आरंभीची वर्षे त्याहून खाली राहणे अपेक्षितच होते.

एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या मालकाने जे स्वेच्छेने केले, ते पुढे शहराने कायद्याने मागितले. न्यूयॉर्कमधील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात इमारतींचा वाटा सुमारे दोनतृतीयांश आहे. २०१९ मध्ये संमत झालेल्या ‘लोकल लॉ ९७’ या कायद्याने २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून उत्सर्जनाची मर्यादा घातली. मर्यादा ओलांडल्यास प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड आहे आणि २०३० पासून मर्यादा अधिक कडक होते. जो मालक आधी जागा झाला, त्याने सुधारणेची वेळ स्वतः निवडली. जो थांबला, त्याची वेळ आता कायदा निवडतो.

मुंबईचा दाखला

महाराष्ट्रात रेडिएटर नाहीत आणि वाफेचे नळही नाहीत. आपल्याकडील प्रश्न ऊन, दमटपणा आणि एसी यांचा आहे. तरीही क्रम तोच लागू पडतो. दक्षिण मुंबईतील गोदरेज भवन ही १९७२ साली बांधलेली कार्यालयीन इमारत याचा दाखला आहे. २०१० च्या सुमारास तिच्यातील वातानुकूलन यंत्रणा आणि दिवे यांची सुधारणा करण्यात आली. सुमारे पाच वर्षांत खर्च वसूल होईल असा हिशोब निघाला आणि जुन्या इमारतींसाठी असलेले ‘लीड’ सुवर्ण मानांकनही इमारतीला मिळाले. इमारत पाडली नाही, व्यवहार थांबला नाही आणि बिल उतरले.

ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी सुरू होताच २४ अंशांवर असावेत, असे ठरविले. तापमान एक अंशाने वर ठेवले, तर विजेत सुमारे ६ टक्के बचत होते, असे ब्युरो सांगते. १८ अंशांवर एसी लावून गल्ल्यावर शाल पांघरून बसणारे दुकानदार आणि बर्फ पडत असताना खिडकी उघडणारे न्यूयॉर्ककर एकाच चुकीचे वाटेकरी आहेत.

ज्या कुटुंबाची दुकाने, गाळे किंवा गोदामे जुन्या इमारतीत आहेत, त्यांच्यासाठी या साऱ्याचा अर्थ छोटा आहे. एसी अपुरा पडतो म्हणून अधिक टनाचा एसी घेण्याआधी पश्चिमेकडील काचेवर ऊन किती वेळ पडते, वरच्या मजल्याचे छत किती तापते, दाराखालची फट किती मोठी आहे आणि दुकानातील जुने दिवे किती उष्णता देतात, हे पाहावे. काचेला बाहेरून सावली, छतावर पांढरा परावर्तक लेप, दाराला आपोआप मिटण्याची सोय आणि जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी ही कामे आधी करावीत. गाळण्या स्वच्छ ठेवाव्यात, ताज्या हवेची वाट मोकळी ठेवावी. मग एसी बदलण्याची वेळ येईल तेव्हा कदाचित लहान एसी पुरेल. मोठ्या इमारतीत मालक आणि गाळेधारक यांनी एकत्र बसून ऊर्जालेखापरीक्षण करून घ्यावे आणि खर्च कोणी करायचा व बचत कोणाला मिळायची, हे आधी लिहून ठेवावे. तोंडी समजुतीवर चाललेल्या भागीदारीचे काय होते, हे प्रत्येक पेढीला ठाऊक आहे.

दिवाळीला वहीपूजन होते आणि नव्या वर्षाच्या वहीत पहिली नोंद केली जाते. त्या वहीत एक पान इमारतीच्या नावाचे असावे. गेल्या बारा महिन्यांची युनिटे, बिलाची रक्कम, कोणते यंत्र किती वर्षांचे झाले आणि ते केव्हा बदलावे लागणार, एवढ्या चार रकाने पुरेत. न्यूयॉर्कमध्येही आरंभ असाच झाला होता. चिलर विकत घेण्याआधी कोणीतरी कागद पुढे ओढून विचारले, की एवढे लागतेच का? १ कोटी ७३ लाख डॉलर त्या प्रश्नात वाचले.